दगडाच्या वर कोणी ‘माझं’ म्हणत नाही

हिरूदादा माझा शेजारी. माझ्या सासऱ्याने आणि त्याच्या बापाने कधीकाळी एकाच आढ्याखाली दोन चुली मांडल्या, मधे कारवीचा कूड उभा केला, त्याला शेणमाती लिंपली आणि झाली दोन घरं. आता त्या मातीला भेगा पडल्यात. त्यामुळे पलीकडे काय शिजलं, कोण रुसलं, कोणाची उचकी थांबत नाही, हे मला विचारावं लागत नाही. पाड्यातल्या बायका म्हणतात, संगीता भिंतीला कान लावून बसते. खोटं आहे. माझा कान जागच्या जागीच असतो, भिंतच जवळ आहे, त्याला मी काय करू?

हिरूदादाचं वय त्याला विचाराल तर पन्नास, त्याच्या बायकोला, बायजीवहिनीला विचाराल तर साठ, आणि आधारकार्डाला विचाराल तर एक जानेवारी. अंगाने काटकुळा, मिशी मात्र दोन माणसांची. सायवनच्या पुढे आमच्या खडकीपाड्यात असा बढाईखोर माणूस दुसरा नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगते आणि त्यालाही ते मान्य आहे. ‘माझं’ हा शब्द त्याच्या जिभेवर कायम राहायलाच आलेला. कोंबडा माझा, हे ठीक. पण अंगणासमोरचा सरकारी हातपंप? ‘माझा पंप.’ तलासरीला दिलेल्या थोरल्या मुलीच्या नवऱ्याची गाडी? ‘माझी गाडी.’ एकदा डहाणूच्या बाजारात एका हवालदाराने त्याला रस्ता विचारला. तेव्हापासून तो हवालदार ‘माझा पोलीस’ झाला.

“दादा, चंद्र कोणाचा?” मी एकदा विचारलं.

“तुझ्या बाजूने दिसतो तो तुझा,” तो म्हणाला, “पण उगवतो माझ्या चिंचेमागून.”

असा हा माणूस. पण त्याला मुका झालेला बघायचा असेल तर त्याच्यामागे गिधाड्या डोंगरावर जायचं.

पाड्यातून निघालेली वाट आधी ओहोळ ओलांडते, मग बांबूच्या बेटातून चढते, आणि जिथे चढ पहिल्यांदा छातीवर येतो तिथे वाघदेवाचा दगड आहे. गुडघ्याएवढा, शेंदराने माखलेला. वाघबारसीला तिथे नारळ फुटतो, कोंबडा कापला जातो. दगडाच्या खाली पाडा आपला, वर डोंगर त्याचा. वर जायला बंदी नाही. लाकूडफाटा आणा, मध काढा, गुरं चारा. फक्त वर गेल्यावर ‘माझं’ म्हणायचं नाही. माझा बैल नाही, माझी कुऱ्हाड नाही, माझी बायकोसुद्धा नाही. (हे शेवटचं काही पुरुषांना फार आवडतं, पण तो विषय वेगळा.) दुसऱ्याचं नाव घेऊन ‘हे अमक्याचं’ असंही नाही. कोणी विचारलंच, हे कोणाचं, तर हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘त्याचंच.’ दगड उतरून खाली आलात की मग हवं तेवढं माझं-तुझं करा, डोकी फोडा, कोणी अडवत नाही.

हे आम्ही का पाळतो, ते देवजी डोकऱ्याला, पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. तरुणपणी त्याने वर उभं राहून, खालच्या शेताकडे बोट करून शेजाऱ्याला सांगितलं, ‘माझी नागली बघ कशी निसवलीय.’ त्याच आठवड्यात त्याचा पांढरा बैल वाघाने ओढून नेला. वाघ म्हणजे बिबट्याच असणार, आम्ही सगळ्यांनाच वाघ म्हणतो. देवजी आता दिसतो-न-दिसतो अशा डोळ्यांनी ओट्यावर बसलेला असतो, पण त्या बैलाचं नाव काढलं की तेच डोळे पुसतो.

तर हिरूदादा दगडापाशी आला की चपला काढून बगलेत धरतो आणि बरोबर जीभही गुंडाळून ठेवतो. आणि त्याचं दुर्दैव असं की, पाड्यातल्या सगळ्यांची शेतं दगडाच्या खाली, फक्त याचं एकट्याचं एक शेत वरही. आजोबापासूनचं. डोंगराच्या खांद्यावर एक सपाटी आहे, तिथे तो वरई करतो, कडेने थोडी तूर. चिकूच्या बागेतली मजुरी मिळते तेव्हा मिळते, खालचं भात दोघांना होळीपर्यंत कसंबसं पुरतं. पुढचं खाणं सपाटीवरून येतं. म्हणजे ज्या एका गोष्टीवर ‘माझी’ म्हणायचा त्याला खरोखर हक्क, तिथेच त्याला तोंड बंद ठेवावं लागतं. मी यावरून त्याला किती छळलं असेल!

आता धनेशचं सांगते.

धनेश म्हणजे हिरूदादाच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाप गुजरातकडच्या मासेमारी बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही, आईने दुसरं घर केलं. पोर चालायला लागलं होतं-नव्हतं, तेव्हा हिरूदादा त्याला खांद्यावर घालून घेऊन आला. बायजीवहिनीच्या दोन मुलींत हा तिसरा वाढला. मुलींच्या ताटात तुकडा आणि याच्या ताटात भाकर, हे मी भिंतीच्या भेगेतून बघितलेलं आहे. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकला, मग उंबरगावच्या कारखान्यात लागला. आणि दोन वर्षांपूर्वी परत आला तो मोटारसायकलवर, काळा चष्मा लावून.

“काय रे, त्या चष्म्यातून आम्ही काळे दिसतो का?” मी विचारलं.

“मावशी, तुम्हाला बघायला चष्मा लागत नाय,” तो म्हणाला. हजरजबाबी होता. मला आवडायचा. खोटं कशाला सांगू, लाडका होता तो सगळ्या पाड्याचा.

त्याच सुमारास आमच्या गिधाड्यावर कोणाकोणाची नजर पडायला लागली होती. आधी खडीवाले आले. मोठ्या गाडीतून उतरले, डोंगराकडे बघून बोटं करत बसले, आणि निघून गेले. पाड्यातल्या बायकांना आठवडाभर झोप नाही. सुरुंग लागले तर ओहोळ राहील का, कडा राहील का? म्हणून त्यांच्यानंतर ‘डोंगरवारा’ नावाची संस्था आली आणि म्हणाली, हा डोंगर जनावरांसाठी राखीव करायचा प्रस्ताव आम्ही तयार करतोय, मग इथे सुरुंग नाही आणि क्रशर नाही, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो हिरूदादाने.

“माझा डोंगर राखताय, चांगलं करताय,” तो म्हणाला. अर्थात खाली, शाळेच्या अंगणात.

संस्थेचे साहेब ठाण्याचे, नाव नविन; आम्ही त्यांना नविन सर म्हणायचो. सरळ माणूस, अजूनही माझं तेच मत आहे. पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “इथे धनेश दिसतो का?” त्यांना तो मोठ्या चोचीचा पक्षी हवा होता. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “दिसतो की, मोटारसायकलवर!” ते हसले, धनेशही हसला, आणि त्या हसण्यातच त्याला संस्थेत काम मिळालं. ‘स्थानिक साथी’ असं त्या पदाचं नाव. सरांना वाटा दाखवायच्या, आम्ही बोलतो ते त्यांना समजावायचं, ते बोलतात ते आम्हाला.

मग झाडांना कॅमेरे बांधले. त्यात पहिल्यांदा सापडला आमच्या पाड्यातला बारक्या, पहाटे डबा घेऊन निघालेला. नंतर साळिंदर आलं, भेकर आलं, रानडुकरांचा आख्खा संसार आला, आणि एकदा बिबट्या. सगळ्या पाड्याने शाळेत बसून त्याचा फोटो बघितला. बायजीवहिनीने पडद्यासमोर हात जोडले. बारक्या म्हणाला, “माझा पण दाखवा ना सर,” आणि सर लाजले.

प्रस्तावात दोन भाग होते. आतला भाग जनावरांचा, तिथे कोणी काही करायचं नाही. कडेच्या भागात फिरायला येणारे लोक, पायवाटा, पक्षी बघायच्या जागा, एखादी तंबूची जागा, आणि ती चालवणार पाड्यातली पोरं. शेतांचं काय, हे देवजीने विचारलं. नविन सर म्हणाले, “जो जिथे पिकवतो ती जागा आपण प्रस्तावाबाहेर ठेवणार. मी प्रत्येक शेतावर येईन. तुम्ही जागेवर उभं राहून सांगायचं, हे माझं. साक्षीला धनेश. एवढंच.”

“इथे बसून सांगितलं तर?” हिरूदादाने विचारलं.

“काका, इथे बसून तर कोणीही आख्खा डोंगर आपला सांगेल,” सर म्हणाले, आणि सगळे हिरूदादाकडे बघून इतके हसले की त्याला पुढचं काही विचारताच आलं नाही.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे जे बोलणं झालं, ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. 

“वर कसं सांगू रे मी?” हिरूदादा म्हणत होता. “तुला ठावं हाय.”

“काका, तुम्ही कशाला सांगताय? वर तुम्ही गप बसा,” धनेश म्हणाला. “सर विचारतील तेव्हा जे म्हणायचं ते म्हणा. परत येताना मी त्यांना दगडाच्या खाली थांबवतो आणि सांगतो, सर, वर बोलायची आमच्यात रीत नाय, आता विचारा. मग तुम्ही बोला काय बोलायचं ते. साक्षीदार कोण? मीच ना?”

“तूच.”

“मग झालं तर.”

“आजच सरांना सांगून टाक ना,” बायजीवहिनी चुलीपासून म्हणाली.

“काकी, आज सांगितलं तर त्यांना वाटंल, हे लोक कायतरी भानगड करतायत. जागेवरचं जागेवर बरं.”

“बघ बाबा,” ती म्हणाली. तिने भाकर थापायची थांबवली नव्हती, पण थापटण्याचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता. 

भात झोडून झालं, थंडी पडली, तेव्हा पाहणी सुरू झाली. खालची शेतं भराभर उरकली. कोणी माझं म्हणालं, कोणी माझं म्हणून शेजाऱ्याचा बांधही त्यात घातला, थोडी भांडणं झाली, धनेशने मिटवली. मग सपाटीवर जायचा दिवस उजाडला. मी डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन निघाले. त्यांना जेवण लागणार हे खरं, आणि मला तिथे असायचंच होतं हेही खरं.

दगडापाशी हिरूदादाने चपला काढल्या. मी काढल्या. पुढे चालणाऱ्या धनेशने बूट काढले, लेस एकमेकींत अडकवून गळ्यात घातले. नविन सरांनी विचारलं, “इथून अनवाणी?” तर धनेश म्हणाला, “असंच सर, सवय.” सरांनीही बूट काढले आणि पुढची वाट उड्या मारत चढले, बिचारे.

सपाटीवर वरईची खुंटं उभी होती. तिथून पश्चिमेला पार डहाणूची खाडी चमकताना दिसते आणि पूर्वेला एकामागे एक डोंगर. सर दुर्बीण लावून दोन्हीकडे बघत राहिले. मग फोन काढला, हिरूदादासमोर धरला आणि मायेने विचारलं, “काका, ही जमीन कोणाची?”

हिरूदादाने हात जोडले. मान खाली घातली. “त्याचंच हाय सगळं,” तो म्हणाला.

“तुमचं नाही?”

“त्याचंच.”

सरांचे डोळे भरून आले. खरंच आले. “धनेश, किती मोठा विचार आहे हा,” ते म्हणाले. “आम्ही शहरात हेच विसरलो.”

धनेश म्हणाला, “हो सर.”

मी मनात म्हटलं, विचार-बिचार काही नाही, दगडाच्या खाली चला, मग हा काय बोलतो ते बघा. हिरूदादाने तर तयारीच केली होती. उतरताना त्याचे ओठ हलत होते, रामलीलेतल्या नटासारखे. आजोबाचं नाव, बापाचं नाव, सपाटीवरचा उंबर कोणी लावला, बांध कोणी रचला, सगळं त्याने घोळवून ठेवलं होतं. दगडाच्या खाली आलो. त्याने चपला घातल्या, खाकरला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “आता ऐका सर—”

“काका, सर थकलेत,” धनेश मधेच म्हणाला. “आणि अंधार पडायच्या आत त्यांना कासाच्या रस्त्याला सोडायचंय. मी सांगतो ना त्यांना गाडीवर. सगळं सांगतो.”

“दोन शब्द—”

“काका. मी हाय ना?”

सर हात हलवत मोटारसायकलवर बसले. ते गेल्यावर हिरूदादा तिथेच उभा. तोंडात भरलेलं भाषण, ऐकायला कोणी नाही. शेवटी ते सगळं त्याने मला ऐकवलं, ओहोळापर्यंत. चांगलं होतं. मी म्हटलं, “दादा, जरा लांबलं, पण आजोबांचा भाग झकास.” तो खूश झाला. धनेशवर त्याचा विश्वास होता आणि माझाही होता.

होळीच्या आधी शाळेत सभा भरली. पडद्यावर गिधाड्याचा नकाशा. आतला भाग गडद हिरवा, कडेचा फिकट, पाड्यातल्या शेतांचे पिवळे तुकडे बाहेर. सगळे आपापला पिवळा तुकडा शोधत होते. सपाटी फिकट हिरवी होती. आणि तिच्यावर तंबूचं छोटं चित्र.

नविन सर आनंदाने सांगत होते. “ही आपली मुख्य जागा. इथून सूर्योदय दिसतो, कड्यावरची गिधाडं दिसतात. इथे निसर्ग-निवास होईल. चालवायची जबाबदारी धनेशने घेतलीय, पाड्यातल्याच मुलाने, याचा मला अभिमान आहे.” आणि मग त्यांनी पडद्यावर ते चित्रीकरण लावलं. हात जोडलेला हिरूदादा, मागे डोंगर. ‘त्याचंच हाय सगळं.’ मागून बासरी. संस्थेच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. 

हिरूदादा उठला. “ती माझी हाय,” तो म्हणाला. 

टाळ्या थांबल्या.

“सपाटी माझी हाय. माझ्या बापाची. माझ्या आजोबाची. उंबर माझ्या आजोबाने लावला. माझी, माझी, माझी हाय ती.” आयुष्यभर त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला, पण त्या दिवशी कोणाला हसू आलं नाही.

“पण काका,” सर गोंधळले, “तुम्हीच तर म्हणालात...”

मग आख्खा पाडा एकदम बोलायला लागला. दगडाच्या वर बोलायचं नसतं. देवजीचा बैल. वाघदेव. मीही बोलले, आणि मी बोलते तेव्हा मधे कोणाला जागा नसते. सरांना अर्धं कळेना. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ज्याच्याकडे वळायला हवं त्याच्याकडेच वळले. “धनेश, हे काय म्हणतायत? अशी काही प्रथा आहे?”

हिरूदादा धनेशकडे बघून म्हणाला, “सांग पोरा. सांग त्यांना.” आवाजात राग नव्हता. त्याला अजूनही वाटत होतं, पोर विसरलं असेल, आता सांगेल.

धनेशने चष्मा काढला, शर्टाला पुसला. “सर, म्हातारी माणसं मानत असतील कायतरी,” तो म्हणाला. “आता कोण मानतं? मला तरी असं काय माहीत नाय.”

बायजीवहिनी माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं, आणि ते सोडायला ती विसरली.

“तुला माहीत नाय,” हिरूदादा म्हणाला.

“काका, आज जमाना कुठं गेलाय.”

हिरूदादा धनेशकडे पाठ करून उभा राहिला. मग सरांना म्हणाला, “माझ्याकडून वर बोलवणार नाय. माझ्या बायकोलाही मी बोलू देणार नाय. पण हा कायच मानत नाय म्हणतो. मग याला काय भीती? उद्या हा वर येऊन बोलू दे. ‘ही हिरूची हाय’, एवढं एकच. साक्षीदार तर हाच हाय ना तुमचा?”

सरांना ते पटलं. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “धनेश, येशील?” नाही म्हणायला तोंड कुठे होतं? “येतो की,” तो म्हणाला, “त्यात काय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा पाडा वर निघाला. बढाई कोणाच्या तोंडी नव्हती, थट्टा कोणाला सुचत नव्हती, मीही गप्प चालले, ज्यांना खोटं वाटतं त्यांनी बारक्याला विचारावं. दगडापाशी सगळ्यांनी चपला काढल्या. धनेश थबकला. आज बूट काढले तर काल बोललेलं खोटं ठरत होतं. तो बूट घालूनच पुढे गेला, पण पाय असे टाकत होता की खाली निखारे असावेत.

सपाटीवर नविन सरांनी फोन धरला. “धनेश, ही जमीन कोण कसतं? कोणाची आहे?”

धनेशने तोंड उघडलं. ‘ही’ एवढं आम्हाला ऐकू आलं. मग त्याने कड्याकडे बघितलं, उंबराकडे बघितलं, काकाकडे मात्र नाही. हिरूदादा त्याच्यापासून दोन पावलांवर उभा होता आणि त्याच्याकडे असा बघत होता, जसं लहानपणी पहिल्यांदा ओहोळ ओलांडताना बघायचा. पडला तर धरू, असं.

“सांग ना,” सर म्हणाले.

धनेशचे हात आपोआप जुळले. “त्याचंच हाय,” तो पुटपुटला.

त्याची जीभ भीतीने अडली की तंबूंनी, यावर पाड्यात अजून दोन तट आहेत. बारक्या म्हणतो भीती. मी म्हणते, दोन्ही एकाच तोंडात मावतात.

हिरूदादा वर काहीच बोलला नाही. बोलणार नव्हताच. दगड उतरून खाली आल्यावर त्याने चपला घातल्या आणि धनेशला म्हणाला, “म्हणजे तुला ठावं होतं.” बस. एवढंच. धनेशने मान वळवली.

मग तो सरांकडे वळला. “सर, बघितलंत ना?”

“बघितलं काका,” नविन सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मला कळलं. पण कळलेलं कसं पाठवू? मला शब्द लागतात, तेही जागेवर बोललेले. वर दोनदा विचारलं आणि दोन्हीदा एकच उत्तर आलं. मी माझ्याकडून वरच्यांना सांगून बघतो.” त्यांनी सांगितलंही असेल. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. जाताना ते हिरूदादाच्या ओट्यावर येऊन बसले, कोरा चहा प्यायले आणि गेले.

प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही. वर कुठेतरी फिरतोय म्हणतात. डोंगर अजून राखीव नाही, पण नकाशात सपाटी संस्थेकडे गेली, त्यामुळे हिरूदादापासून तेवढी राखली गेलीय. पेरणीच्या दिवसांत तो वरईचं बी घेऊन ओहोळापर्यंत गेला आणि परत आला. घरामागे वाफ्यात टाकलं, ते कोंबड्यांनी उकरलं. बायजीवहिनी आता पहाटेच चिकूच्या बागेत मजुरीला जाते, आणि ती नाही मिळाली तर विटांच्या भट्टीवर. या वयात. भिंतीपलीकडून आता फार काही ऐकू येत नाही. मी उगाच भांडी आपटते, कोणीतरी ‘संगीताबाय, घर पाडतेस का’ म्हणून ओरडावं म्हणून. कोणी ओरडत नाही.

मंजुरीची वाट न बघताच दिवाळीनंतर सपाटीवर तंबू आले. शनिवारी-रविवारी गाड्या येतात, पोरंपोरी पाठीवर पिशव्या घेऊन हसत चढतात. मुलं चांगली असतात, मला आवडतात. एकीने मला विचारलं, इथे बिबट्या खरंच आहे का? मी म्हटलं, असेल बाई, आता तुम्हीच त्याच्या घरी राहायला चाललात, तुम्हीच बघून सांगा. 

आणि मागच्या महिन्यात एका दुपारी धनेश आला. मी अंगणात मिरच्या पसरत होते. तो माझ्याकडे बघून हसल्यासारखं करून पुढे गेला, काकाच्या अंगणात उभा राहिला. हिरूदादा ओट्यावर दोरी वळत होता. 

“काका, वर एक माणूस लागतो,” धनेश म्हणाला. “राखणीला. आणि पाहुणे गावठी जेवण मागतात, काकीच्या हातचं. घरातल्या घरातच राहील सगळं. तुम्हाला नाय सांगणार तर कोणाला?”

हिरूदादाने दोरीला पीळ दिला. “तंबू कोणाचे?” त्याने विचारलं.

“माझेच की. म्हणजे आपलेच.”

“पाहुणे वर विचारत असतील. तंबू कोणाचे, जागा कोणाची. विचारतात का?”

“विचारतात.”

“काय सांगतोस?”

धनेश पायाने माती उकरत राहिला. “संस्थेचे सांगतो,” तो म्हणाला. म्हणजे वर संस्थेचं नाव घेता येत होतं, काकाचंच तेवढं आलं नव्हतं.

हिरूदादाने मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात. दोरी गोळा केली, उठला आणि आत गेला. आतून बायजीवहिनी बाहेर आली नाही. ती घरातच होती, मला भांड्याचा आवाज येत होता. ओट्यावर बस, असं त्याला कोणी म्हटलं नाही, पाणी कोणी दिलं नाही. ज्या अंगणात तो चालायला शिकला तिथे तो असा उभा होता, मीटर बघायला आलेल्या वीजवाल्यासारखा.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. खडकीपाड्यातून जाणारा कोणीही माणूस, ओळखीचा असो वा नसो, माझ्या चहाशिवाय सुटत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि ती त्याला माहीत होती. चहा चुलीवर होताच. मी मिरच्या पसरत राहिले.